आपोआप चालणारे डबे आणि दगडी डोण

कानिफनाथ लवांडे कष्ट दमावर मोजत. छातीत श्वास भरून घ्यायचा आणि तो सुटेपर्यंत जेवढा जोर लागेल, तो एक दम. साखरेचं पोतं पाठीवर घेऊन गोदामाची फळी चढणं, एक दम. उसाची भरली गाडी चढावर काढायला खांदा देणं, अडीच. बायकोला एखादी गोष्ट पटवणं, सहा दम, आणि शेवटी तिचंच खरं व्हायचं, म्हणून ते काम ते अंगावर घेत नसत.

जन्म तिसगावचा. तिकडे जमीन होती, पाणी नव्हतं. म्हणून पंचविशीत पहार खांद्यावर टाकून श्रीरामपूरच्या बाजूला, कालव्याच्या मुलखात आले. एका साखर कारखान्याच्या पायाचे खड्डे खणले. खड्डे संपले तेव्हा बाकीचे मजूर माघारी गेले, हे राहिले. मुकादमानं विचारलं, "तू का थांबलास?" हे म्हणाले, "सांगितल्याबिगर कसा जाऊ? काम संपलं आसं कुनी सांगितलंच न्हाई." मुकादमानं वही उघडली. नाव हजेरीवर चढलं ते चढलंच.

सत्तर सालच्या हंगामात ते छप्पन्न वर्षांचे होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सगळे त्यांना तात्या म्हणत. चौदा वर्षं ते मोरीवर होते.

मोरी म्हणजे रेल्वेखालची वाट. कारखाना लाईनीच्या पलीकडे, गाव आणि स्टेशन अलीकडे. लाईन उंच भरावावरून जाते आणि भरावाच्या पोटात शेजारीशेजारी दोन बोगदे आहेत. कागदावर त्यांना भुयारी मार्ग म्हणतात. लोकांच्या तोंडी मोरीच. डाव्या बोगद्यातून उसाच्या भरल्या गाड्या कारखान्याकडे जायच्या. उजव्यातून रिकाम्या गाड्या परत यायच्या, शिवाय एसटी, सायकली, शेळ्या, वऱ्हाडं. रस्ता बोगद्यात उतरतो आणि पलीकडे चढतो. त्या चढावर भरली गाडी अडायची. मग तात्या चाकाच्या आऱ्याला खांदा लावायचे. हातानं लोटणाऱ्या माणसाचा त्यांना राग होता. म्हणायचे, "हात जेवायला हायेत. जोर कमरंतनं निघतो."

डाव्या बोगद्याच्या तोंडाशी, अलीकडच्या अंगाला, एक दगडी डोण होती. शेजारून कालव्याची चारी जायची. चारीतून एक नळी काढून तिचं पाणी डोणीत सोडलेलं. चार-पाच कोस चालून आलेले बैल तिथं थांबायचे, पाणी प्यायचे, मान झटकायचे आणि डाव्या बोगद्यात शिरायचे. कुणी हाकावं लागत नसे. गाडीवान पहाटे तीनला फडात ऊस भरून निघालेले असायचे. ते उसाच्या मोळ्यांवर घोंगडी घेऊन झोपलेले. वजनकाट्यावर गाडी थांबली की काटेवाला काठीनं उठवायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गर्गेसाहेब आले.

शामकांत गर्गे पुण्याचे. तिशीतले इंजिनिअर. उन्हात टोपी घालायचे आणि प्रत्येकाला अहोजाहो करायचे, त्यामुळे मजूर त्यांना जरा बिचकून असत. त्यांच्यावर एक काम होतं. साखरेची पोती गोदामातून स्टेशनच्या मालधक्क्यावर जायची ती बैलगाड्यांनी, त्याच मोरीतून. हंगामात मोरी तुंबायची. साहेबांनी तोडगा काढला. डाव्या बोगद्यात रूळ टाकायचे, रुळांवर अकरा डबे, डब्यांना एक अखंड तार, तार ओढायला पलीकडे मोटरघर. पोती डब्यांतून जाणार. डब्यावर माणूस नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी तात्यांना एक परदेशी मासिक दाखवलं. त्यात बोगद्याचं चित्र होतं.

"हा कुठल्याशा मोठ्या विमानतळाखालचा बोगदा आहे, कानिफनाथ. यातून मोटारी जातात. आता तिथले लोक म्हणतायत, एक बोगदा मोटारींना बंद करू आणि त्यातून डबे सोडू. बिनड्रायव्हरचे. आपोआप जाणार, आपोआप थांबणार."

तात्यांनी चित्र नीट पाहिलं. "आन् मोटारी?"

"त्या दुसऱ्या बोगद्यातून जातील."

"समद्या?"

"सगळ्या."

"मग त्या दुसऱ्याच्या तोंडाशी कोन हुबं ऱ्हानार?"

साहेबांनी पान उलटलं. तिथं याचं उत्तर नव्हतं, विमानाचं चित्र होतं.

काम तीन महिने चाललं. रूळ आले. रुळांमधली जागा फरशीनं भरून सपाट केली. पलीकडचा चढ तासून हलका केला. आता भरली गाडी खांद्याशिवाय निघणार होती. उजवा बोगदा घासूनपुसून मोकळा केला, म्हणजे दोन गाड्या एकमेकींना चिकटून का होईना, जातील. डब्याच्या पुढच्या बाजूला एक आडवी लोखंडी पट्टी बसवली. पट्टीला काही टेकलं की मोटर बंद, अकराच्या अकरा डबे जागच्या जागी उभे. अडथळा निघाला की पुन्हा सुरू. तोंडाशी घंटा, लाल दिवा, आणि पाटी: बैलगाड्यांना मनाई.

डोणीला कुणी हात लावला नाही. नकाशात ती नव्हतीच.

मग हुकूम निघाला. साहेबांनी तो स्वतः वाचून दाखवला. पंधरा दिवस यंत्रणेची परीक्षा. ती माणसाशिवाय चालली, तर मोरीवरची जागा बंद. कानिफनाथ लवांडे यांची बदली चिपाडाच्या यार्डात.

चिपाडाचं यार्ड म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या भुशाचे डोंगर. तो भुसा हवेत उडतो आणि छातीत बसतो. तात्यांच्या ओळखीची तीन माणसं तिथून खोकत घरी गेली होती आणि पुन्हा काही कामाला आली नव्हती.

संध्याकाळी तात्यांनी चांगुणाबाईला, म्हणजे बायकोला, हुकूम सांगितला. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"पन चालल का त्यांचं?" तिनं विचारलं.

"न्हाई चालायचं. बैलं डाव्या अंगालाच जानार. डोन डावीकडं हाय."

"सायबाला म्हाईत हाय हे?"

"न्हाई."

"मंग तुमी बोलू नका." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुमाला एक वाईट खोड हाय, दुसऱ्याचं काम सोपं करून द्यायची. पंधरा दिस तोंडात सुपारी धरा."

"मी सुपारी खात न्हाई."

"मंग खायला लागा."

परीक्षा सुरू झाली ती जानेवारीतल्या एका सोमवारी. सकाळी आठला मोटर लागली, तार ताणली, डबे हलले. पहिला डबा खडखडत डाव्या बोगद्यातून बाहेर आला, त्यावर वीस पोती आणि माणूस एकही नाही. पोरंबाळं ओरडली. साहेबांनी टोपी काढली. तात्या उजव्या बोगद्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांना सांगितलं होतं, फक्त उभं राहायचं.

तेवढ्यात पढेगावच्या राधाकृष्ण पटारेची गाडी आली. बैल तांब्या आणि बाळ्या. दोघं डोणीशी थांबले, पाणी प्यायले, मान झटकली आणि पाटीखालून डाव्या बोगद्यात शिरले.

"अहो, ती गाडी!" साहेब धावले. "कोण हाकतंय ती?"

"बैल," तात्या म्हणाले.

"आणि गाडीवान?"

"वर हाय. झोपलाय."

"झोपलाय? मग गाडी इथपर्यंत आली कशी?"

"आपोआप," तात्या म्हणाले.

बोगद्यात समोरून डबा आला. तांब्यानं पाहिलं आणि तो थांबला. डबाही थांबला, कारण पट्टी तांब्याच्या कपाळाला टेकली होती. तांब्याच्या कपाळाला बहुतेक बरेच दिवस खाज असावी. त्यानं पट्टीवर डोकं घासलं. घासायला मान मागं घेतली की डबे सुरू व्हायचे, पुन्हा टेकवली की थांबायचे. अकरा डबे, दोनशेवीस पोती, सगळं वीतभर पुढं जायचं आणि उभं राहायचं. पलीकडच्या मोटरघरातला माणूस बाहेर येऊन हातवारे करू लागला. तांब्याला घाई नव्हती. आधी उजवी बाजू झाली, मग डावी.

राधाकृष्ण घंटेच्या आवाजानं उठला. घोंगडीतून डोकं काढून म्हणाला, "काटा आला का?"

"काटा न्हाई, सायेब आलेत," तात्या म्हणाले. "उतर खाली."

आता गाडी मागं घ्यायची होती. दोन टन ऊस, बोगद्याचा उतार, म्हणजे मागं जाताना चढ. बैलाला मागं चालणं जमत नाही. सगळं ओझं जुवाखाली मानेवर येतं आणि पाय लटपटतात. तात्या चाकाला भिडले. एका चाकाला ते, दुसऱ्याला राधाकृष्ण. साहेबांनी मधे येऊन उसाला हात लावला. तो हात लावण्याचा उपयोग एवढाच झाला की साहेबांना कुसं लागली.

पाच दम गेले. गाडी बाहेर निघाली तोवर मागं अठरा गाड्या उभ्या होत्या, त्यांच्यामागं एसटी, आणि एसटीचा ड्रायव्हर टपावर चढून पाहत होता की जग कुठं संपतं.

"तात्या," राधाकृष्ण धापा टाकत म्हणाला, "तुमी हुता म्हनून निघालो."

तात्यांनी उपरण्यानं मान पुसली. बरं वाटलं त्यांना. खोटं कशाला सांगा.

पहिल्या दिवशी चौदा गाड्या डावीकडं शिरल्या. दुसऱ्या दिवशी एकोणीस. साहेबांनी उपाय सुरू केले. आधी चुन्यानं रंगवलेल्या दगडांची रांग मांडली. बैलांनी ती ओलांडली. मग लाल दिवा मोठा केला. त्याचा एकच परिणाम झाला. एसटी थांबू लागली, जिनं थांबायचं नव्हतं. मग साहेबांनी गावातल्या पेंटरकडून एका पत्र्यावर वाघ काढून घेतला, दात विचकलेला, आणि तो डाव्या तोंडाशी उभा केला. दोन दिवसांत वाघाचा एक कान गेला. बैल त्याच्यावर मान घासायचे.

"आडवा बांबू टाका की," मोरीवरचा चहावाला म्हणाला. "डबा आला की उचलायचा."

"उचलणार कोण?" साहेबांनी विचारलं.

"ठेवा येक मानूस."

माणूस ठेवला की यंत्रणा आपोआप राहत नव्हती.

गाडीवानांना त्यांनी समज दिली की मोरीवर जागं राहा. गाडीवान म्हणाले, राहू. त्यांच्या मनात राहायचंच होतं. पण पहाटे तीनला उठलेला माणूस सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात उसावर आडवा पडला की त्याच्या मनाला कोण विचारतं? शिवाय त्यांना तिथं जागं राहायची सवयच नव्हती. ते काम वर्षानुवर्षं बैलांकडे होतं.

रांग स्टेशनपर्यंत जाऊ लागली. एक वऱ्हाड दीड तास अडकलं. बँडवाल्यांकडची गाणी दोनदा वाजवून झाली आणि नवरदेव घोड्यावरून उतरून चहाच्या दुकानात जाऊन बसला. नेवाशाची एसटी इतक्या उशिरा पोचायची की नेवाशात तिला पुढच्या फेरीची समजत.

आणि तात्या? तात्यांचे दिवस सोन्याचे होते. जो तो त्यांना हाका मारत होता. तात्या, इकडं. तात्या, खांदा द्या. ज्या माणसाला पंधरा दिवस नुसतं उभं राहायला सांगितलं होतं तो दिवसाला नव्वद-शंभर दम खर्च करत होता. रात्री चांगुणाबाई त्यांच्या खांद्याला तेल चोळायची.

"बोलला न्हाईत ना?" ती विचारायची.

"न्हाई."

"आठ ऱ्हायले."

मग म्हणायची, "सात ऱ्हायले."

पण तात्यांच्या अंगात ते तेल मुरत नव्हतं. त्यांच्या मनात एक हिशोब खुपत होता. जोर लावायला त्यांची ना नव्हती. चौदा वर्षांत लावलेला प्रत्येक दम कुठंतरी पोचला होता. गाडी वर गेली होती, ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडला होता, त्याची साखर झाली होती. आता मात्र गाडी आत जात होती आणि तेवढ्याच जोरानं बाहेर येत होती. सगळा दम खर्चून गाडी होती तिथंच. असं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. त्यात ते काम कशामुळे निघतंय हे माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो रोज त्याबद्दल शाबासकी घेत होता.

बाराव्या दिवशी राधाकृष्णाची गाडी पुन्हा आत शिरली. ती तिची सहावी खेप. तात्या चाकाला भिडले. गाडी अर्धी मागं आली आणि तांब्या पुढच्या गुडघ्यांवर बसला. आवाज केला नाही, नुसता बसला. जू मानेवर दाबलेलं. राधाकृष्णानं घाईनं जू सोडलं. तांब्याचा खांदा सुजून वर आला होता, हात लावला की तो कातडी थरथरवायचा.

राधाकृष्णानं त्याच्या तोंडाशी उसाचं वाढं धरलं. तांब्यानं खाल्लं नाही. मग राधाकृष्ण तात्यांकडे वळला.

"तात्या, तुमच्यामुळं निदान जनावर वाचलं. दुसरा कोनी असता तर चाक अंगावर गेलं असतं."

तात्या म्हणाले, "गप बस."

"आता काय झालं?"

"गप बस म्हनलं ना."

त्या संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी ठेवली. चांगुणाबाईनं विचारलं, "काय बिघडलं?"

"मी डोन हलवनार हाय."

तिनं तवा खाली उतरवला. "आन् चिपाडात खोकनार."

"खोकंन."

"तीन दिस ऱ्हायलेत आवो. तीनच."

"तांब्याचा खांदा आलाय."

दुसऱ्याचा बैल म्हणून ती मन घट्ट करू शकली असती, पण ती तिसगावच्या बाजूचीच होती, आणि तिकडच्या दुष्काळात बैल कसे जातात ते तिनं पाहिलं होतं. तिनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "सकाळी न्या. उपाशी पोटी दगूड हलत नसतो."

तेराव्या दिवशी कारखान्याची सफाई होती. गाळप बंद, डबे बंद, उसाच्या गाड्या नाहीत. तात्या उजाडल्यावर पहार आणि बाभळीचे तीन गोल ओंडके घेऊन मोरीवर आले. आधी नळीच्या तोंडात मक्याचं बुरकुंड ठोकून पाणी बंद केलं. डोण उपसली. मग पहार डोणीच्या कडेखाली घातली, पहारीखाली टेकणाचा दगड ठेवला आणि श्वास भरला.

दगडी डोण हलवायची एक रीत असते. उचलायची नाही, तिला फक्त एवढं पटवायचं की तिचं एक टोक हलकं आहे. टोक बोटभर वर आलं की ओंडका सरकवायचा. मग दुसरं टोक. तीन ओंडक्यांवर डोण बसली की ती आपली होते. मागचा ओंडका सुटला की काढून पुढं घालायचा. घाई केली की बोट जातं.

तात्या रुळांपर्यंत पोचले तेव्हा स्कूटर आली. गर्गेसाहेब सुट्टीच्या दिवशीही मोरी बघायला आले होते. तेरा दिवसांत त्यांचे गाल बसले होते.

"कानिफनाथ, हे काय चाललंय?"

"डोन उजवीकडं नेतोय."

"कशासाठी?"

"बैलं डोनीकडं येत्यात, सायेब. बोगद्याकडं न्हाई. डोन डावीकडं, म्हनून ती डावीकडं. उजवीकडं गेली की उजवीकडनं जातील."

साहेब वाघाच्या पत्र्याकडे पाहत राहिले. मग डोणीकडे. मग पुन्हा वाघाकडे.

"तुमच्या हे केव्हा लक्षात आलं?"

"रूळ पडायच्या आधी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी विचारलं न्हाई." तेवढं उत्तर खरं होतं, पण पुरतं नव्हतं. "आन् बोललो असतो तर चिपाडात गेलो असतो. म्हनून."

साहेबांनी टोपी स्कूटरवर ठेवली. रागावतील असं तात्यांना वाटलं होतं. पण त्यांनी बाह्या वर केल्या आणि पहारीचं टोक धरलं.

"दाबू?"

"हातानं न्हाई, सायेब. कमरंतनं."

"असं?"

"तसं केलं तर उद्या दवाखान्यात जाल. गुडघ्यात वाका. हां. आता श्वास घ्या. सोडू नका. हां, आता."

डोण रुळांवरून पलीकडे गेली. सगळे मिळून तेवीस दम. त्यातला साहेबांचा अर्धा, तोही तात्यांनी उदारपणे धरलेला.

उजवीकडे पाण्याची नळी नव्हती. चारी राहिली डाव्या अंगाला, मधे रूळ, आणि रुळांखालून खणायला साहेबांनी नुकतीच केलेली फरशी फोडावी लागली असती. तात्यांनी दोन बादल्या घेतल्या, बुरकुंड काढून नळीखाली भरल्या, रूळ ओलांडून डोणीत ओतल्या. वीस खेपांत डोण भरली.

"पानी रोज कोन भरनार?" त्यांनी विचारलं.

"पाण्याचं बघू," साहेब म्हणाले. त्यांचं लक्ष अहवालात होतं.

चौदाव्या दिवशी पहिली गाडी आली, बैल थबकले, त्यांनी हवेत नाक फिरवलं आणि ते उजवीकडे वळले. दुसरी आली, वळली. दिवसभरात एकही गाडी डावीकडे गेली नाही. पंधराव्या दिवशी कारखान्याचे मोठे लोक जीपमधून आले. डबे येत होते, डबे जात होते, गाड्या शेजारून जात होत्या, वर गाडीवान झोपलेले. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "हा पत्र्यावरचा प्राणी कोणता?" साहेब म्हणाले, "जुना आहे." टाळ्या झाल्या. अहवाल गेला: यंत्रणा माणसाशिवाय सुरळीत चालते.

दोन्ही दिवस तात्या बादल्या वाहत होते. पाहुण्यांनी त्यांना पाहिलं, पण बादली नेणारा माणूस कुणाच्या नजरेत भरत नाही.

सोळाव्या दिवशी तात्या तोंडाला उपरणं बांधून चिपाडाच्या यार्डात हजर झाले. निघताना त्यांनी नळीत बुरकुंड नीट ठोकलं होतं आणि डोण काठोकाठ भरली होती. जमलं तेवढं केलं.

भरलेली डोण पंचवीस जोड्यांना पुरते. सकाळी नऊपर्यंत पंचवीस जोड्या होऊन गेल्या. सव्विसावी जोडी राधाकृष्णाची होती. तांब्या बरा होईपर्यंत त्यानं दुसरा बैल जुंपला होता, बाळ्या जुनाच. बाळ्यानं कोरड्या डोणीत तोंड घातलं. मग मान वर केली. पलीकडं, रुळांच्या पलीकडं, चारीचं पाणी वाहत होतं, आणि चारीच्या पाण्याचा वास बाळ्याला सात हंगाम माहीत होता.

साडेनऊला रांग स्टेशनपर्यंत गेली. पावणेदहाला स्कूटर चिपाडाच्या यार्डाशी थांबली. तात्या भुशाच्या ढिगावर होते, भुवयांपर्यंत पिवळे.

"कानिफनाथ! उतरा खाली. बसा मागे."

"बदली झालीय माजी."

"बसा म्हणतो ना!"

तात्या जन्मात पहिल्यांदा स्कूटरवर बसले. वाटेत साहेब ओरडून म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, पाणी कोण भरणार!"

"व्हय."

"मी काय म्हणालो होतो?"

"बघू म्हनला हुता."

"बघितलं," साहेब म्हणाले.

तात्यांनी बाळ्याला डाव्या बोगद्यातून बाहेर काढलं. अखेरचे पाच दम. मग बादल्या उचलल्या.

आता अडचण कागदाची राहिली. अहवाल पुढं गेलेला होता. त्यात मोरीवर माणूस नव्हता, आणि जे नाही त्याला पगार देता येत नाही. साहेबांनी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी तात्यांचं नाव दुरुस्तीच्या खात्यात, तार, वंगण आणि खिळे यांच्या खाली लिहिलं. चांगुणाबाईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "वंगनाच्या खाली कशाला? वर लिहायला सांगा." पण त्या रात्री तिनं गूळ घालून शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. सण नव्हता.

एक वाद मात्र राहिला. बादल्या घेऊन तात्यांना रूळ ओलांडायचे असत, आणि दर दोन मिनिटांनी डबा येई. तात्या डब्यासाठी थांबत नसत. पाणी घेऊन चाललेल्या माणसाला वाट द्यायची असते. गावात पाटीलसुद्धा देतो. ते पट्टीला कंबर टेकवायचे, अकरा डबे उभे करायचे, तसेच कंबर घासत दोन्ही बादल्या पलीकडे न्यायचे, आणि मग डबे आपले आपण निघायचे.

मोटरघरातून तक्रार आली. दिवसातून साठ-सत्तर वेळा यंत्रणा थांबते. साहेब वही घेऊन मोरीवर आले, तासभर उभे राहिले, पाहिलं. दुसरा रस्ता नाही हे त्यांना कळलं, कारण दुसरा रस्ता म्हणजे दुसरा माणूस.

"ठीक आहे," ते म्हणाले. "वेळापत्रकातच घालतो. प्रत्येक वेळी किती वेळ डबे थांबवावे लागतात तुम्हाला? सेकंदात सांगा."

तात्यांनी बादल्या उचलल्या, रूळ ओलांडले, डोणीत ओतल्या आणि रिकाम्या बादल्या घेऊन परत आले. मग श्वास सोडला.

"एक दम," ते म्हणाले.

साहेबांनी तेच लिहिलं.